जेवणं झाल्यावर

मोहिनीचा चेहरा कसा आहे असं कुणी विचारलं, तर मला नीट सांगता येणार नाही. ती माझ्या थोरल्या भावाची सून. वीसेक वर्षं आम्ही एका घरात राहतो आहोत. पण मी समोर आलो की तिचा पदर डोक्यावर जातो आणि माझी नजर जमिनीकडे. यात आमच्याकडची रीत किती आणि माझा भिडस्तपणा किती, हे आता वेगळं काढता येत नाही.

तिचे हात मात्र मी ओळखतो. ताट ठेवणारे, तांब्या पुढे सरकवणारे हात. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तव्याने भाजल्याचा जुना डाग आहे. कापूस वेचायच्या दिवसांत बोटांच्या टोकांवर बोंडांचे ओरखडे असतात. ते हात पांढरे पडू लागले, तेव्हा ते आधी मला दिसलं.

मी जळगावच्या एका वाचनालयात नोकरी केली. रोज सकाळच्या गाडीने असोद्याहून जायचं, संध्याकाळी परत. माझी बायको गेली, मग भाऊ गेला. आता घरात वहिनी, म्हणजे सुनंदाबाई, त्यांचा मुलगा हितेंद्र, मोहिनी आणि मी. शेती हितेंद्र बघतो. मला शेतातलं काही कळत नाही, म्हणून घरातलं सगळं वाचायचं काम माझ्याकडे. खताच्या गोणीवरचं, विजेच्या बिलावरचं, आणि औषधाच्या पाकिटावरचं तर गल्लीतलं सगळंच. शेजारच्या कुंदाबाईसुद्धा पट्टी घेऊन येतात आणि म्हणतात, "नाना, भिंग काढा."

मी फक्त वाचतो. पण वाचणाऱ्याला कळतंही, असं लोक धरून चालतात, आणि तो गैरसमज मी कधी नीटसा दूर केला नाही. खरं सांगायचं तर तो मला आवडत असे.

यंदा थंडी चांगली पडली होती. वांगी भरात होती, आणि आमच्या वांग्यांचं नाव सुरतेपर्यंत. तिकडचे पाहुणे भरीत खायला आले, ते जातात तोवर वहिनींच्या माहेरची माणसं आली. अंगणात काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचायची. ठेचायचं काम मोहिनीचं. दिवसा शेतात कापूस, संध्याकाळी बडगी. तिचा खांदा धरला, मग मनगट सुजलं.

त्या सकाळी वहिनी ओसरीवर आल्या. हातात गोळ्यांची पट्टी.

"भाऊ, हे वाचा. मोहिनीचा हात वर व्हत नही. हितूनं मेडिकलवरून आणली."

मी भिंग काढलं. चंदेरी कागदावर बारीक अक्षरं, त्यात पट्टी मधोमध कापलेली.

"वहिनी, नाव अर्धंच आलंय. पुढचा भाग दुकानात राहिला."

"राहू द्या तठीच. आपल्याले काय तिचं बारसं करायचं? कधी घ्यायची तेवढं सांगा."

उरलेल्या अक्षरांवरून गोळी कोणत्या जातीची ते मला उमगलं. दुखणं आणि सूज उतरवणारी. दुकानात मागितली की मिळते. अशा गोळ्यांबद्दल मी वाचलेलं होतं. पोट भरलेलं असताना घ्यावी, थोडेच दिवस घ्यावी, ज्याला पोटात जळजळ किंवा रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. मी घसा साफ केला.

"त्याचं असं आहे, वहिनी, की ज्यांच्या पोटात आधीपासून..."

"झालं सुरू पुराण! भाऊ, चुलीवर दूध ठेवलंय मी."

स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. मोहिनी ऐकत उभी होती. 'तिनं जेवल्यावर घ्यावी' एवढं साधं वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण सून कधी जेवते, काय जेवते, हा आमच्या घरात पुरुषांनी काढायचा विषय नव्हे. तिच्या ताटात डोकावल्यासारखं वाटलं मला. म्हणून ते वाक्य मी आत परतवलं आणि घरात रोज वापरतो तो शब्द उचलला.

"जेवणं झाली की घ्यायची म्हणावं. दुपारी एक, रात्री एक."

"ऐकलं का व, मोहिनी?"

"हो," दाराआडून आवाज आला.

वहिनी दुधाकडे गेल्या. किती दिवस घ्यायची ते सांगायचं राहिलं. मी भिंग पुसून खिशात ठेवलं, आणि मला आठवतं, थोडंसं बरंही वाटलं होतं, आपला उपयोग झाला म्हणून.

गोळीने गुण आला. दोन दिवसांत बडगीचा आवाज पूर्वीसारखा येऊ लागला. दुपारी हितेंद्र आणि मी जेवायला बसायचो. त्याचा फोन वाजायचा. केळीची गाडी भरायला माणसं आलेली असायची. "हो हो, जेवणं झाली, निघालोच," असं सांगत तो हात धुवायचा, आणि आत तव्यावर शेतातल्या माणसांच्या भाकरी अजून पडतच असायच्या.

"गुणाची गोळी आहे," वहिनी कुंदाबाईंना सांगायच्या. "भाऊंनी वाचून देली."

वाचून दिली म्हणजे जणू मंत्रून दिली.

पट्टी संपली की हितेंद्र दुसरी आणायचा. केराच्या टोपलीत मला चंदेरी तुकडे दिसायचे. आता बस, असं सांगायला हवं, हे मला कळत होतं. जेवताना मी मनात वाक्य तयार करायचो: 'हितेंद्र, त्या गोळ्या फार दिवस घेऊ नयेत.' मग वाटायचं, 'फार' म्हणजे किती, असं तो विचारेल. मी डॉक्टर नाही. आणि गोळी बंद केल्यावर तिचा हात पुन्हा धरला तर? मी वाक्य बदलायचो, परत बदलायचो, तोवर ताट उचललं जायचं.

पौषातल्या एका दुपारी तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि माझी नजर तिच्या नखांवर गेली. नखं पांढरी होती. पिठाने होतात तशी वरून पांढरी नव्हेत. आतला गुलाबीपणाच गेलेला. तळहात भिजवलेल्या कापडासारखा. तांब्या ठेवताना पाणी हिंदकळलं, आणि उठताना तिने भिंतीला हात लावला.

"थंडीनं," वहिनी म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या. कदाचित त्यांनाही दिसलं असेल.

जेवण झाल्यावर मी माझ्या खोलीत गेलो आणि घरगुती आरोग्याचं एक जुनं पुस्तक काढलं. मला हवं ते पान सापडायला वेळ लागला नाही. या गोळ्यांनी पोटाच्या आत जखम होऊ शकते. दुखतंच असं नाही. रक्त आतल्या आत झिरपतं. माणूस फिका पडतो, धाप लागते, घेरी येते, आणि शौचाला डांबरासारखं काळं होतं.

म्हणजे एकच प्रश्न विचारायचा होता. तोच प्रश्न चुलत सासऱ्याने सुनेला विचारणं आमच्या घरात आजवर घडलं नव्हतं.

मी वहिनींना गाठलं. त्या अंगणात वालाच्या शेंगा निवडत होत्या.

"वहिनी, मोहिनीचं पोट बरं आहे ना?"

"काहून? काही गोड बातमी ऐकली का?" त्या हसल्या. "या वयात?"

"तसं नाही. म्हणजे... सकाळी... बाहेर जाते तेव्हा..."

"भाऊ!" त्यांनी शेंग खाली ठेवली. "बायामाणसाच्या बाहेर जाण्याची चौकशी? म्हातारपणी हे काय नवीन?"

त्यांनी ते थट्टेनेच म्हटलं. दीर-भावजयीची थट्टा आमच्यात चालते. पण माझे कान तापले आणि मी 'काही नाही, काही नाही' म्हणत मागे फिरलो. संध्याकाळी हितेंद्र आला, तेव्हा मी त्याला धरलं.

"अरे, ती गोळी अजून चालू आहे का?"

"आहे ना. तिले आराम पडतो. मीपण घेतो मधूनमधून, गाडी भरली की कंबर धरते."

"ती फार पांढरी दिसते."

"नाना, तुम्ही तिच्याकडे पाह्यता कधी?" तो हसला. "अहो, दुखलं-खुपलं तर ती सांगेल ना. लहान आहे का?"

 त्याचं बोलणं मला पटलं असं नाही. पण मी चूक असण्याची शक्यता मला नेहमीच जास्त वाटते. पुस्तकात वाचलं की माणसाला सगळीकडे तेच दिसतं, असं मी स्वतःला सांगितलं. ती एक संध्याकाळ मी तशीच जाऊ दिली. पुढे जे कळलं त्यानंतर या संध्याकाळकडे मी पुन्हा पुन्हा जातो. तेव्हाही ती गोळी घेत होती. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उशाशी घेऊन पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेंद्र शेतात गेला होता आणि वहिनी देवळात. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप, थप, थप. मग तो थांबला. पुन्हा सुरू होईल म्हणून मी वाट पाहिली. झाला नाही.

मी उठून दारापर्यंत गेलो. त्या दाराच्या आत मी सहसा पाऊल टाकत नाही. मोहिनी चुलीपासून सरकून भिंतीला टेकली होती. डोळे मिटलेले. पदर खांद्यावर होता, तो तिने मला पाहून वर घ्यायला हात उचलला आणि हात अर्ध्यावरूनच खाली आला. तव्यावरची भाकरी जळत होती.

"राहू दे पदर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मोहिनी, मी एक विचारतो. राग मानू नकोस."

ती जमिनीकडे बघत राहिली.

"तुला शौचाला... काळं होतं का?"

मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तव्याकडे पाहत होतो. भाकरीच्या कडेला धूर धरला होता.

 मग ती हळू म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले असतील. मले वाटलं, कळण्याच्या भाकरीनं."

कळणं म्हणजे ज्वारीत काळे उडीद घालून दळलेलं पीठ. थंडीत आमच्याकडे तीच भाकरी असते, भरताबरोबर दुसरी कुणी खात नाही. तिचा रंग काळसरच. काळी भाकरी खाल्ली म्हणून काळं होत असेल, असा हिशोब तिने लावला होता. तो कुणालाही पटला असता. कुठल्याही पुस्तकात कळण्याच्या भाकरीचं नाव नसतं.

"कुणाला सांगितलं का नाहीस?"

"असं कोणाले सांगतात, नाना?"

वीस वर्षांत तिने मला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. मी तव्याखालचं लाकूड बाहेर ओढलं, ते नीट ओढता आलं नाही, ठिणग्या उडाल्या. मग बाहेर येऊन हितेंद्रला फोन लावला आणि काय बोललो ते आठवत नाही. एवढंच की तो शेतातून धावत आला.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मोहिनीची खालची पापणी ओढून पाहिली आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. मोहिनी खाटेवर. वहिनी तिच्या पायाशी. मी दाराजवळ, आत की बाहेर ते न ठरवता.

"ताई, कोणत्या गोळ्या घेता?"

हितेंद्रने खिशातून कापलेली पट्टी काढली. वहिनींनी पिशवीत हात घातला आणि दुसरी एक पट्टी काढून खाटेवर ठेवली. "ही माह्या गुडघ्याची. हिचं डोकं दुखलं की मीच देत व्हती एखादी. वेगळी व्हती म्हणून. ही लाल, ती पांढरी."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पालथ्या करून पाहिल्या. "आजी, रंग वेगळा आहे. जात एकच."

दोन्ही पट्ट्या मीच वाचल्या होत्या. वेगवेगळ्या दिवशी, त्याच भिंगातून.

"रिकाम्या पोटी घेत होता का?"

"नही," मोहिनी म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता, पण उत्तर पक्कं होतं. "जेवणं झाल्यावरच."

"रोज?"

"रोज. एकदाबी चुकली नही. नानांनी सांगितलं व्हतं, जेवणं झाली की घ्यायची. जेवणं झाली की लगेच घेत व्हती."

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. का थांबल्या कुणास ठाऊक. कदाचित त्यांच्या घरीही कुणी असंच बोलत असेल.

"तुमचं जेवण किती वाजता होतं, ताई?"

"माह्यं?" मोहिनीला प्रश्नच कळला नाही. "मी मागून जेवते. यांची जेवणं झाली की भांडी निघतात, शेतातल्या मानसांच्या भाकरी बांधायच्या, गोठ्यात पाणी द्यायचं. हात दुखला तर हे व्हत नही ना, म्हणून गोळी आधी. मंग कधी तीन वाजतात, कधी चार. कधी भूकच मरते, मंग चहा घेते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

जेवणं झाली. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आणि बोलत आलो. आई तो बोलायची, वहिनी बोलतात, हितेंद्र फोनवर बोलतो. जेवणं झाली म्हणजे पुरुष उठले. ज्या बाईने रांधलं ती या शब्दात येत नाही, हे मला सत्तरी उलटल्यावर, दवाखान्याच्या दारात कळलं. मोहिनीने माझा शब्द जसाच्या तसा पाळला होता. तो चुकीचा होता असं तिला अजूनही वाटत नव्हतं.

"मी... मला तिनं जेवल्यावर असं म्हणायचं होतं," मी दारातून म्हणालो. कुणाला म्हणालो कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आजोबा, जेवून घेतल्या असत्या तरी इतके दिवस, आणि त्यात दोन-दोन जातभाई, हे चाललं नसतं. पोट भरलेलं असलं म्हणजे धोका संपतो असं नाही. चार-पाच दिवसांत उतरलं नाही तर यायचं होतं. आणि काळं दिसलं त्याच दिवशी."

त्या मला सोडवत होत्या की दुसऱ्या जागी बांधत होत्या, ते कळलं नाही. कारण थोडेच दिवस घ्यायची, हेही मला माहीत होतं. ते तर मी बोललोच नव्हतो.

दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा पोटात जखम सापडली, तिथून रक्त झिरपत होतं. ते तिथल्या तिथे थांबवलं. बाटल्यांनी रक्त चढवलं. आणखी काही दिवस गेले असते तर, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य सोडून दिलं, आणि ते वाक्य पुरं करायचं काम माझ्याकडे आलं.

वहिनी आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. 

"मीबी अशीच जेवत आली, भाऊ," त्या एकदम म्हणाल्या. "मले काही झालं नही, म्हणून वाटलं, कोणालेच काही व्हत नही."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आणि त्या दिवशी तुम्ही विचारत व्हते, तर मी तुमची टिंगल केली."

"मीच नीट विचारलं नाही."

"नीट विचारलं असतं तर आणखी केली असती." त्यांनी नाक पुसलं. "तुम्ही बोललेलं बराबरच व्हतं. आमी ऐकलं चुकीचं."

त्या मनापासून म्हणाल्या. मला ते सहन होईना. त्यांनी ऐकलं ते बरोबरच होतं. चुकीचं मी बोललो होतो. आणि चुकून नाही, लाजून.

मोहिनी घरी आली तेव्हा वहिनींनी तिची खाट मधल्या खोलीत टाकली. स्वयंपाकाला कुंदाबाईंची सून येऊन जायची. पोटाची गोळी सकाळी काही खाण्याआधी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि दुखलं तर फक्त साधी तापाची गोळी. तीही दोन घेण्यांत सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसाची ठरवून दिलेली मर्यादा न ओलांडता. बाकी अंगदुखीच्या सगळ्या पट्ट्या घरातून काढून टाका, म्हणाल्या. वहिनींनी आपली गुडघ्याचीसुद्धा काढली. हितेंद्रने मुकाट्याने आपल्या गाडीच्या डिकीतली आणून दिली.

पुढे ती उठून बसू लागली, मग हिंडूफिरू लागली. आणि एका दिवशी, वहिनींचं लक्ष नाही असं पाहून, चुलीपाशी गेली. दुपारी मी आणि हितेंद्र बसलो तेव्हा समोर ताट ठेवणारे हात तिचे होते. नखांत थोडा रंग आला होता. फार नाही.

मी ताटाला हात लावला नाही.

"नाना, सुरू करा," हितेंद्र म्हणाला.

"मोहिनी जेवली का?"

हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. आत बांगड्या थबकल्या.

"ती जेवेल मागून. तुम्ही बसा तर खरं."

"तिचं होऊ दे."

"अहो, असं कसं! ती जेवेल का तुमच्यासमोर?"

तेही खरंच होतं. मी बसून राहिलो तर तिच्या घशाखाली घास उतरणार नव्हता. मी माझं ताट उचललं, ओसरीवर गेलो आणि घराकडे पाठ करून बसलो. वरण निवत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने विचारलं, "काय नाना, घरातून काढलं का?" मी मान हलवली. हो की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.

आत कुजबुज चालली होती. वहिनींचा आवाज: "बस व माय, नाहीतर म्हातारं उपाशी मरीन." मग मोहिनीचा, अगदी हळू: "आत्या, खांदा ठणकतोय. आधी ती तापाची गोळी घेते, मंग जेवते."

"भाऊ," वहिनी आतून ओरडल्या, "ही गोळी तर उपाशीपोटीपण चालते ना? डॉक्टरीण म्हणली व्हती."

म्हणाल्या होत्या. ती गोळी पोटाला लागत नाही, जेवणाची वाट पाहायची गरज नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी ते नीट ऐकलं होतं. आयुष्यभर मी छापलेल्या आणि सांगितलेल्या शब्दाशी प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न केला आहे. पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं तरी मला झोप येत नसे.

"मला आठवत नाही," मी रस्त्याकडे पाहत म्हणालो. "मोहिनी, तू जेव. तू जेवलीस की मग घे."

'तू' हा शब्द मी मुद्दाम दोनदा म्हटला. तिचं दुखणं मी काही मिनिटं लांबवत होतो, हेही मला कळत होतं.

आत ताट ठेवल्याचा आवाज आला. घास घेतल्याचा आला की नाही, सांगता येत नाही. माझे कान आता तेवढे चांगले नाहीत. ती जेवते आहे की माझ्यासाठी भांडी वाजवते आहे? मी वळून पाहिलं नाही. मला वळायचं नव्हतं आणि विश्वासही ठेवता येत नव्हता. 'जेवले मी' हे वाक्य या घरातल्या बायकांनी किती वेळा खोटं बोललं असेल, याचा मी आजवर विचार केला नव्हता.

थोड्या वेळाने माझ्या मागे पावलं वाजली.

"नाना, जेवले मी. आता घेऊ गोळी?"

मी विचारू नये ते विचारलं.

"खरंच जेवलीस?"

 मला वाटलं, दुखावली. एका चुकीवर मी दुसरी रचली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या खांद्यापाशी एक हात पुढे आला.

तिच्यासाठी वेगळ्या केलेल्या मुगाच्या खिचडीचे शितकण बोटांना चिकटलेले होते. तळहाताला तुपाचा ओशटपणा, आणि अंगठ्याच्या मुळाशी, भाजल्याच्या डागावर, पिवळ्या डाळीचा ठिपका. न धुतलेला, उष्टा हात. इतकी वर्षं तो मी धुतलेलाच पाहिला होता.

"घे," मी म्हणालो.

हात मागे गेला. मोरीत पाणी पडल्याचा आवाज आला. मी ताट पुढे ओढलं. वरण गार झालं होतं. पहिला घास बराच वेळ माझ्या तोंडातच राहिला.